सतरा गाण्यांची तबकडी : 'क्वीन'च्या 'ग्रेटेस्ट हिट्स'चा इतिहास

'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा 'ग्रेटेस्ट हिट्स' हा निवडक गाण्यांचा संग्रह 'ईएमआय' कंपनीने १९८१ च्या अखेरीस बाजारात आणला. ब्रिटनमध्ये आजवर दुसऱ्या कुठल्याही अल्बमचा एवढा खप झालेला नाही. त्याची ब्रिटिश आवृत्ती सतरा गाण्यांची आणि सुमारे ५८ मिनिटांची होती. त्यात एकही नवे गाणे नव्हते. सगळी गाणी १९७४ ते १९८० या सात वर्षांत आधीच बाजारात येऊन गेली होती आणि त्यांपैकी एकच, 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते. खुद्द हा संग्रहही अल्बमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर राहिला तो अवघे चार आठवडे. पहिल्या महिन्यातली झेप हे काही त्याच्या यशाचे कारण नव्हे. तो पुढची चाळीस वर्षे न थांबता विकला गेला. एका पिढीने घेतला, मग तिच्या मुलांनी घेतला, आणि दर दहा वर्षांनी त्याला नवा श्रोता मिळत गेला. असे का झाले हे पाहायचे तर आधी अशा संग्रहांच्या धंद्याकडे पाहावे लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर रेकॉर्डच्या बाजारात दोन आकार स्थिरावले. अमेरिकेत 'कोलंबिया'ने १९४८ मध्ये मिनिटाला ३३⅓ फेरे फिरणारी बारा इंची लाँग प्ले रेकॉर्ड आणली, आणि 'आरसीए व्हिक्टर'ने १९४९ मध्ये ४५ फेऱ्यांची सात इंची छोटी रेकॉर्ड. छोट्या रेकॉर्डच्या एका बाजूला एकच गाणे मावे. तिलाच 'सिंगल' म्हणत. रेडिओवर वाजायचे, तरुणांनी खाऊच्या पैशांतून घ्यायचे, ते हे सिंगल. पण छोट्या रेकॉर्ड लवकर झिजत, हरवत, आणि काही महिन्यांत दुकानातून नाहीशाही होत. लोकांच्या ओठांवर असलेली ही विखुरलेली गाणी एका मोठ्या तबकडीवर आणावीत, ही कल्पना 'कोलंबिया'ने १९५८ मध्ये 'जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स' या संग्रहात यशस्वी करून दाखवली. गायक जॉनी मॅथिस यांचा तो संग्रह अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' यादीत पुढे एकूण ४९० आठवडे टिकला. कंपन्यांनी त्यातून धडा घेतला. अशा संग्रहासाठी स्टुडिओचे भाडे लागत नाही, वादकांचे नवे मानधन लागत नाही, आणि गाणे चालेल की नाही ही धास्ती उरत नाही, कारण श्रोत्यांनी त्याचा कौल आधीच दिलेला असतो.

रॉक संगीतात ही प्रथा सत्तरच्या दशकात फोफावली. 'बीटल्स' विखुरल्यावर १९७३ मध्ये त्यांच्या गाण्यांचे दोन दुहेरी संग्रह निघाले, एक लाल वेष्टनाचा आणि एक निळ्या. 'ईगल्स' या अमेरिकी बँडचा १९७१ ते १९७५ मधल्या गाण्यांचा संग्रह फेब्रुवारी १९७६ मध्ये आला. अमेरिकेच्या रेकॉर्ड उद्योग संघटनेने त्याच वर्षी सुरू केलेले प्लॅटिनम प्रमाणपत्र सर्वांत आधी मिळवणारा अल्बम तोच. ब्रिटनमध्ये वेगळेच वारे होते. 'के-टेल'सारख्या कंपन्या १९७२ पासून टीव्हीवर जाहिराती करून अनेक गायकांची गाणी एकत्र विकू लागल्या होत्या. 'ईएमआय'नेही तोच मार्ग धरला आणि 'ट्वेंटी गोल्डन ग्रेट्स' नावाने एकेका कलावंताचे संग्रह काढले. 'बीच बॉइज'चा असा संग्रह १९७६ च्या उन्हाळ्यात दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. नाताळच्या सुमारास भेट म्हणून द्यायला असा संग्रह सर्वांत सोयीचा, कारण घेणाऱ्याला त्यातली निम्मी गाणी तरी ठाऊक असतातच. 'क्वीन'चा संग्रह काढायची वेळ आली तेव्हा त्याच कंपनीच्या हाताशी या धंद्याचा पाच-सहा वर्षांचा अनुभव होता.

बँड मात्र या मुक्कामावर बऱ्याच वळणांनी पोहोचला होता. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकणारा गिटारवादक ब्रायन मे आणि दंतवैद्यकाचा अभ्यास करायला लंडनला आलेला ड्रमर रॉजर टेलर यांचा 'स्माइल' नावाचा बँड होता. १९७० मध्ये त्यांचा गायक सोडून गेला, आणि त्या जागी आला त्यांचाच मित्र फ्रेडी बुलसारा. 'क्वीन' हे नाव त्यानेच सुचवले आणि स्वतःचे आडनाव बदलून 'मर्क्युरी' केले. १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी जॉन डीकन बेस गिटार वाजवायला आला आणि चौकडी पूर्ण झाली. पुढची वीस वर्षे तिच्यात एकही बदल झाला नाही.

या चौघांतल्या फ्रेडीचे बालपण महाराष्ट्रात गेले होते. फारुख बुलसारा याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात झाला. आडनाव गुजरातेतल्या वलसाडवरून, म्हणजे जुन्या बुलसारवरून आलेले. वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. आठ वर्षांच्या मुलाला त्यांनी समुद्र ओलांडून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात ठेवले. १९०२ मध्ये सुरू झालेल्या या शाळेत तो पियानो शिकला, तिथेच त्याला 'फ्रेडी' हे नाव पडले, आणि साधारण बाराव्या वर्षी त्याने शाळेतल्या मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड काढला. शाळेच्या समारंभांत ही मुले क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड अशा गायकांची गाणी वाजवत. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला, आणि पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाल्यावर बुलसारा कुटुंब इंग्लंडला गेले. तिथे ईलिंगच्या कला महाविद्यालयात त्याने ग्राफिक डिझाइन शिकले. बँडचे राजचिन्हासारखे बोधचिन्ह त्याच्याच हातचे. पियानोवर बसून रचलेली त्याची गाणी या संग्रहाचा कणा आहेत, आणि त्या पियानोची पहिली शिकवणी सह्याद्रीच्या पठारावर झाली होती.

'ईएमआय'ने बँडचा पहिला अल्बम १९७३ मध्ये काढला. तो फारसा चालला नाही. १९७४ च्या वसंतात 'सेव्हन सीज ऑफ राय' दहाव्या क्रमांकापर्यंत गेले आणि त्याच वर्षी 'किलर क्वीन' दुसऱ्या. नाव झाले, पण पैसा हाती येईना. 'ट्रायडंट' या संस्थेशी झालेल्या सुरुवातीच्या करारात बँडला आठवड्याचा तुटपुंजा पगार मिळे आणि हिशेब संस्थेच्या हाती असे. १९७५ मध्ये बँड त्या करारातून मोकळा झाला आणि लगेच 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' या अल्बमला लागला. त्यातल्याच एका गाण्याने बँडचे दैव पालटले.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' सहा मिनिटांना पाच सेकंद कमी. रेडिओला त्या काळी तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे हवे असे. या गाण्याला ध्रुवपद नाही. आधी संथ पियानो, मग गिटार, मग ऑपेराच्या धर्तीवरचा समूहगायनाचा भाग, मग कडक रॉक, आणि शेवटी पुन्हा शांतता. समूहगायनात शेकडो लोक असावेत असे वाटते. प्रत्यक्षात मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांचेच आवाज एकावर एक ध्वनिमुद्रित केलेले आहेत. चोवीस ट्रॅकच्या टेपवर जागा संपली की भरलेले ट्रॅक एकत्र करून नव्या जागेवर उतरवायचे आणि पुन्हा गायचे, असे इतक्या वेळा झाले की टेपवरचा तपकिरी थर खरवडला जाऊन ती प्रकाशात आरपार दिसू लागली. निर्माते रॉय थॉमस बेकर यांनी ती तशाच अवस्थेत सांभाळून गाणे पुरे केले. लंडनच्या 'कॅपिटल रेडिओ'वरील निवेदक केनी एव्हरेट यांना त्याची प्रत हाती लागली आणि त्यांनी ते एकाच शनिवार-रविवारी चौदा वेळा वाजवले. सोमवारी लोक दुकानात रेकॉर्ड मागू लागले, आणि ती अजून आलेलीच नव्हती. पुढे हे गाणे नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. टीव्हीसाठी काही तासांत चित्रित केलेल्या त्याच्या व्हिडिओने गाणे दृश्यरूपात विकण्याची वाट रुंद केली.

'वी विल रॉक यू'ची गोष्ट अगदी उलट आहे. १९७७ मध्ये स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमधल्या कार्यक्रमानंतर प्रेक्षक जागचे हललेच नाहीत, ते स्वतःच गाऊ लागले. गर्दीत अडकलेल्या माणसाला करता काय येते, याचा विचार मे यांनी त्या रात्री केला. पाय आपटता येतात, टाळी वाजवता येते, गाता येते. तेवढ्यावरच त्यांनी गाणे बांधले. दोनदा पाय, एकदा टाळी. ड्रम नाही, बेस नाही, आणि गिटार येते ती अगदी शेवटी. लंडनच्या 'वेसेक्स' स्टुडिओत जुन्या फळ्यांवर पाय आपटून तो ताल ध्वनिमुद्रित केला, आणि भौतिकशास्त्राच्या या विद्यार्थ्याने प्रतिध्वनींच्या वेळा अशा बेताने ठरवल्या की ऐकणाऱ्याला आपण हजारोंच्या मध्ये उभे आहोत असे वाटावे. जी गिटार शेवटी वाजते ती मे यांनी शाळकरी वयात वडिलांच्या मदतीने घरीच तयार केली होती. तिच्या दांड्याला जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड आहे, आणि ती ते सहा पेनीच्या नाण्याने छेडतात.

१९८० साल संपले तेव्हा बँडकडे अशा गाण्यांचा मोठा साठा जमला होता. 'क्रेझी लिट्ल थिंग कॉल्ड लव्ह' आणि 'अनदर वन बाइट्स द डस्ट' या दोन गाण्यांनी त्या वर्षी अमेरिकेत पहिला क्रमांक मिळवला. दुसऱ्या गाण्याची चाल डीकन यांच्या बेसवर उभी आहे आणि ते सिंगल म्हणून काढा असा आग्रह मायकेल जॅक्सन यांनी धरला होता. १९८१ च्या वसंतात बँडने अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये फुटबॉलची मैदाने भरवली. साओ पावलोच्या मोरुंबी मैदानावर एका रात्री १,३१,००० लोक आले. पहिल्या दशकाचा हिशेब मांडायला याहून चांगली वेळ नव्हती.

संग्रह एकटा आला नाही. त्याच्याबरोबर बँडच्या चित्रफितींची 'ग्रेटेस्ट फ्लिक्स' ही व्हिडिओ कॅसेट आणि छायाचित्रांचे 'ग्रेटेस्ट पिक्स' हे पुस्तकही निघाले. घरोघरी व्हिडिओ प्लेअर यायला सुरुवात झाली होती, त्या सुमाराची ही योजना. मुखपृष्ठासाठी लॉर्ड स्नोडन यांना बोलावले. राजकन्या मार्गारेट यांचे ते पूर्वीचे पती आणि ब्रिटनमधले नामांकित छायाचित्रकार. काळ्या पार्श्वभूमीवर चौघांचे चेहरे, एवढेच त्या चित्रात आहे. फ्रेडीने तेव्हा केस आखूड केले होते आणि मिशा ठेवल्या होत्या.

गाण्यांचा क्रम लावताना काळाचा क्रम बाजूला ठेवला गेला, आणि संग्रहाच्या यशात या निर्णयाचा वाटा मोठा आहे. पहिल्या बाजूला आठ गाणी, दुसऱ्या बाजूला नऊ. सुरुवात 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ने, म्हणजे सर्वांत अवघड आणि सर्वांत प्रिय गाण्याने. त्याच्या लगेच मागे पाच वर्षांनंतरचे, नाचायला लावणारे 'अनदर वन बाइट्स द डस्ट'. बँडचे पहिले यशस्वी गाणे 'सेव्हन सीज ऑफ राय' थेट पंधराव्या जागी. शेवटी 'वी विल रॉक यू' आणि 'वी आर द चॅम्पियन्स' ही १९७७ मध्ये एकाच सिंगलच्या दोन बाजूंवर आलेली जोडी. अर्ध्या तासाच्या जवळ जाणारी एकेक बाजू लाँग प्ले रेकॉर्डला जडच जाते. चऱ्या दाटीने कोराव्या लागतात आणि आवाजाची पातळी खाली ठेवावी लागते. तरीही गाणी गाळण्याऐवजी दाटी पत्करली हे बरेच झाले.

या सतरा गाण्यांत दहा मर्क्युरींची, पाच मे यांची आणि दोन डीकन यांची आहेत. टेलर यांचे एकही नाही. याला व्यवहारात मोठा अर्थ होता. रेकॉर्ड विकली की गायक-वादकांचा वाटा चौघांना मिळे, पण गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी ज्याचे गाणे त्यालाच. यावरून बँडमध्ये आधीही वाद झाले होते. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या सिंगलच्या मागच्या बाजूला टेलर यांचे गाणे होते, आणि रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना सारखीच रॉयल्टी मिळत असल्यामुळे त्या अफाट खपाचा निम्मा वाटा त्या गाण्यालाही मिळाला. पुढे १९८९ च्या 'द मिरॅकल' अल्बमपासून सगळी गाणी 'क्वीन'च्या एकत्रित नावावर घालायचे ठरले, आणि तो प्रश्न मिटला. मात्र गाणी लिहू शकणारी चार माणसे एका बँडमध्ये असणे हीच या संग्रहाची श्रीमंती आहे. एकाच बँडच्या तबकडीवर ऑपेरा, रॉकबिली, नाचाची गाणी, संगीतिकेच्या ढंगाची विनोदी गाणी आणि मैदानावरच्या घोषणा एकामागून एक येतात. एकाच माणसाच्या लेखणीतून उतरलेल्या संग्रहात हे सहसा आढळत नाही. घरातल्या आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येकाला आपले असे एक तरी गाणे या तबकडीवर सापडते.

देशागणिक यादी बदलत होती. अमेरिकेत 'इलेक्ट्रा' कंपनीने सतरापैकी पाच गाणी वगळली आणि दोन घातली, अशी चौदा गाण्यांची आवृत्ती काढली. घातलेल्यांपैकी एक म्हणजे डेव्हिड बोवी यांच्याबरोबरचे नवेकोरे 'अंडर प्रेशर'. तेच गाणे नोव्हेंबर १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, पण ब्रिटिश आवृत्तीत ते नव्हते. वगळलेल्यांत 'डोन्ट स्टॉप मी नाउ' होते. १९७९ मध्ये ते ब्रिटनमध्ये नवव्या क्रमांकावर थांबले होते आणि अमेरिकेत जवळजवळ कुणाच्या कानांवरही पडले नव्हते. आज ते बँडच्या सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांपैकी आहे. त्याला मधल्या काळात जिवंत ठेवले ते ब्रिटिश आवृत्तीच्या पहिल्या बाजूने. अमेरिकी आवृत्ती 'बिलबोर्ड' यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत चढली, आणि पुढच्या काही वर्षांत तिथला श्रोता बँडपासून दुरावत गेला. १९८२ नंतर चौघांनी एकत्र अमेरिकेचा दौरा केला नाही.

ब्रिटनमध्ये मात्र संग्रहाचा खप थांबला नाही. १३ जुलै १९८५ रोजी वेम्बली मैदानावरच्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमात 'क्वीन'ला सुमारे वीस मिनिटे मिळाली. त्यांनी सहा गाणी निवडली आणि त्यांतली चार या संग्रहातली होती. दीडशेहून अधिक देशांत तो कार्यक्रम टीव्हीवर दिसला. त्या दिवशी 'क्वीन'ला पहिल्यांदा ऐकणाऱ्याने दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन काय मागायचे, याचे उत्तर आधीच तयार होते. त्याच सुमारास सीडी आल्या. ज्यांच्याकडे रेकॉर्ड किंवा कॅसेट होती त्यांनी तोच संग्रह पुन्हा घेतला.

ऑक्टोबर १९९१ मध्ये 'ग्रेटेस्ट हिट्स २' निघाला. १९८१ पासूनची सतरा गाणी त्यात होती, आणि आता टेलर यांचे 'रेडिओ गा गा'ही होते. महिनाही पुरा झाला नव्हता. २३ नोव्हेंबरला फ्रेडी मर्क्युरी यांनी आपल्याला एड्स असल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी लंडनमधल्या राहत्या घरी त्यांचे निधन झाले. वय ४५. अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनांनी झाले. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पुन्हा बाजारात आणले गेले, पुन्हा पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले, आणि त्याच्या उत्पन्नातून एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या 'टेरेन्स हिगिन्स ट्रस्ट'ला दहा लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. नाताळच्या आठवड्यात दोनदा पहिल्या क्रमांकावर आलेले, तेही त्याच मूळ मुद्रणाने, असे ब्रिटनमधले हे पहिलेच गाणे ठरले. पहिल्या संग्रहाची विक्रीही पुन्हा उसळली.

अमेरिकेत बँडचे पुनरागमन झाले ते चित्रपटामुळे. 'डिस्ने'च्या 'हॉलीवूड रेकॉर्ड्स'ने १९९० मध्ये तिथले हक्क विकत घेतले होते. फेब्रुवारी १९९२ मध्ये 'वेन्स वर्ल्ड' हा विनोदी चित्रपट आला. त्यात गाडीत बसलेले मित्र 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ऐकता ऐकता मान झटकू लागतात असे दृश्य आहे. त्या दृश्याच्या जोरावर सतरा वर्षांपूर्वीचे गाणे अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. १९७६ मध्ये ते तिथे नवव्या क्रमांकापर्यंतच गेले होते. कंपनीने त्याच वर्षी 'क्लासिक क्वीन' आणि लाल वेष्टनाचा नवा 'ग्रेटेस्ट हिट्स' असे दोन संग्रह काढले, आणि दोन्ही लाखोंनी खपले.

संग्रहाच्या प्रवासातला सर्वांत वेगळा मुक्काम इराणचा. १९७९ च्या क्रांतीनंतर तिथे पाश्चात्त्य रॉकवर बंधने होती. तरीही चोरवाटेने आलेल्या कॅसेटांवरून 'क्वीन'ची गाणी ऐकली जातच होती. ऑगस्ट २००४ मध्ये 'ग्रेटेस्ट हिट्स'ची कॅसेट सरकारी मंजुरीने तेहरानच्या दुकानांत आली. अशी परवानगी मिळालेला 'क्वीन' हा पहिला पाश्चात्त्य रॉक बँड. काही प्रेमगीते गाळली होती. कॅसेटबरोबर गाण्यांचा अर्थ फारसीत समजावणारी पुस्तिका होती. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' म्हणजे चुकून हातून खून झालेल्या आणि फाउस्टप्रमाणे सैतानाला आत्मा विकलेल्या तरुणाची गोष्ट आहे, फाशीच्या आदल्या रात्री तो 'बिस्मिल्ला' म्हणून देवाला हाक मारतो, असे तिच्यात सांगितले होते. इराणमधून बाहेर पडून गुजरातच्या किनाऱ्यावर आलेल्या लोकांचा एक वंशज शेकडो वर्षांनी आपल्या पूर्वजांच्या देशात असा परतला. तेव्हा त्याला जाऊन तेरा वर्षे झाली होती.

विक्रीचे आकडे टप्प्याटप्प्याने जाहीर होत गेले. २००६ मध्ये ब्रिटनच्या अल्बमची सार्वकालिक यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे ५४ लाख प्रतींसह हा संग्रह पहिला होता आणि 'बीटल्स'चा 'सार्जंट पेपर्स' दुसरा. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याने ६० लाखांचा टप्पा ओलांडला. त्याआधी कुठल्याही अल्बमला ते जमले नव्हते. दर तीन ब्रिटिश कुटुंबांपैकी एकाकडे हा संग्रह आहे, असा हिशेब त्या वेळी मांडला गेला. 'सार्जंट पेपर्स'ने रॉकच्या इतिहासात जे स्थान मिळवले ते 'क्वीन'च्या कोणत्याही एका मूळ अल्बमला मिळालेले नाही, हे मान्य करायला हवे. समीक्षकांनी या बँडच्या अल्बमना त्यांच्या काळी बरेचदा नावे ठेवली. पण 'क्वीन'ची खरी ताकद एकेका गाण्यात होती. दर गाण्याला नवा पोशाख, नवी चाल, नवा रंगमंच. असे सुटे सुटे मोती ओवायला निवडक संग्रहच योग्य होता, आणि म्हणून बँडची ओळख सांगणारे मुख्य पुस्तक म्हणून लोकांनी तोच घरात ठेवला.

पुढे ऐकण्याची रीतच बदलली. २०१५ पासून ब्रिटनच्या अल्बमच्या यादीत ऑनलाइन ऐकलेली गाणीही मोजली जाऊ लागली. त्याचा फायदा जुन्या निवडक संग्रहांना झाला. 'आबा'चा 'गोल्ड' जुलै २०२१ मध्ये ब्रिटनच्या यादीत हजार आठवडे पुरे करणारा पहिला अल्बम ठरला, आणि त्यामागोमाग बॉब मार्ली यांचा 'लेजेंड' आणि 'क्वीन'चा 'ग्रेटेस्ट हिट्स' त्या टप्प्यावर पोहोचले. तिन्ही निवडक गाण्यांचे संग्रह आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या चरित्रपटाने जगभर ९० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली आणि चार ऑस्कर मिळवले. त्यांतला एक फ्रेडीची भूमिका करणाऱ्या रामी मालेक यांचा. पाचगणी आणि झांझिबार ही नावे त्यानिमित्ताने नव्या श्रोत्यांपर्यंत गेली, आणि संग्रह पुन्हा याद्यांत वर चढला. २०२० मध्ये, पहिल्यांदा निघाल्यानंतर ३९ वर्षांनी, तो अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' यादीत प्रथमच पहिल्या दहात आला.

जुलै २०२२ मध्ये दुकानातली विक्री, डाउनलोड आणि ऑनलाइन ऐकणे असे सगळे मिळून ब्रिटनमध्ये ७० लाखांचा आकडा पार झाला. तिथे हा आकडा गाठणारा हा पहिला अल्बम. यादी मात्र १९८१ मध्ये ठरली तीच आहे : सतरा गाणी, आरंभ 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ने आणि शेवट 'वी आर द चॅम्पियन्स'ने.